नवं चित्र सुचत नाही? शाळेतल्या चित्रकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांचे दिवस जवळ आले की मुलांचे आणि पालकांचे निरोप सुरू होतात. शब्द निरनिराळे असतात, अडचण बहुतेक वेळा एकच असते: हात तयार आहे, पण काय काढू ते सुचत नाही. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आपला प्रश्न शोधून तेवढंच वाचलंत तरी चालेल.

१. बाई, कोरा कागद समोर आला की डोकंच चालत नाही. सुरुवात कुठून करू?

मोठा कागद आधी बाजूला ठेवा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला काडेपेटीएवढी खिडकी कापा. एक डोळा मिटून त्या खिडकीतून खोलीभर बघा. पुठ्ठा जवळ आणला की दृश्य मोठं होतं, लांब नेला की थोडंच उरतं. ज्या ठिकाणी हात आपोआप थांबेल, ते वहीत काडेपेटीच्याच आकारात काढा. एका चित्राला दोन मिनिटं, जास्त नाही. अशी सहा कच्ची चित्रं करा.

पहिली दोन बहुधा आधी कुठेतरी पाहिलेली निघतात. तिसऱ्याला कंटाळा येतो. चौथ्यापासून मुलं खोलीकडे खरोखर बघायला लागतात, हे मी वर्गात दरवर्षी बघते. कोणतं मोठं करायचं ते त्याच दिवशी ठरवू नका. सकाळी उठल्यावर न बघता जे आठवेल, ते घ्या.

२. प्रेरणा आली, हे कळतं कसं?

एखादी गोष्ट बघताना तुम्ही रस्त्यात थांबलात, किंवा घरी येऊन कुणाला तरी सांगावीशी वाटली, तर तेवढं पुरे आहे. वेगळं काही व्हायची वाट बघू नका.

३. आमच्या घरात काढण्यासारखं काहीच नाही. मग काय काढायचं?

हा प्रश्न दोन खोल्यांच्या घरातली मुलं विचारतात आणि बंगल्यातलीही. स्वयंपाकघरातला स्टीलचा तांब्या घ्या आणि खिडकीपाशी ठेवा. लांबून तो राखाडी दिसतो, म्हणून मुलं त्याला राखाडी रंग फासून मोकळी होतात. जवळ जाऊन बघा. खिडकी त्याच्या पोटावर वाकून एक पांढरी पट्टी झालेली असते. गज त्या पट्टीत कमानीसारखे उभे असतात. तुम्ही स्वतः तिथे बोटभर उंचीचे असता. काठाखालची रेघ सगळ्यात काळी असते आणि तिला अगदी खेटून सगळ्यात पांढरा डाग असतो. शेजारी टोमॅटो ठेवला की तांब्याची एक बाजू लाल होते. स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, तो शेजाऱ्याचा घेतो. हे एकदा डोळ्यांना दिसलं की ग्रेड परीक्षेतलं वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र सोपं होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भांड्यांच्या रॅककडे तुम्ही पूर्वीसारखं बघूच शकत नाही.

आजी तांदूळ पाखडत असेल तर तिच्या समोर नाही, बाजूला बसा. सुपातून उडालेले दाणे हवेत तिरकी रेघ धरतात. दाणे परत सुपात येतात, फोलपट पुढे जातं. मनगट वर जाताना कोपर अंगाला चिकटलेलं असतं. ही एक हालचाल नीट काढायला चार दिवस लागतात, आणि ते चार दिवस सत्कारणी लागतात.

सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. अनेकांना ते रविवर्म्याचं वाटतं. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांनी ते जलरंगात केलं आणि आज ते मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. दिव्याच्या ज्योतीआड धरलेली बोटं आतून लाल दिसतात. आज वीज गेली की मोबाइलच्या टॉर्चपुढे हात धरून बघा, तोच लाल रंग तुमच्याही बोटांत आहे.

४. स्केचबुकात रोज काय काढायचं? आणि ते चांगलंच दिसायला हवं का?

चांगलं दिसायची अजिबात गरज नाही. स्केचबुक दाखवायचं झालं की मुलं त्यात फक्त जमणाऱ्या गोष्टी काढतात. मग वही भरते, पण नवं काही हाताला लागत नाही. माझ्या वर्गात स्केचबुकावर गुण नाहीत आणि खोडरबरही चालत नाही. रेघ चुकली तर शेजारी दुसरी ओढा, पहिली राहू द्या.

महागडी वही नको. पाठकोरे कागद शिवून केलेली वही उत्तम, कारण ती वाया जाण्याची भीती नसते. चित्राशेजारी दोन शब्द लिहायची सवय मात्र लावा: वेळ, उजेड कुठून होता, वास कसला होता. 'संध्याकाळी साडेसहा, डाव्या बाजूने ट्यूबलाइट, कांदा परतल्याचा वास' एवढी नोंद सहा महिन्यांनी ते दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे उभं करते.

५. स्मरणचित्रात आम्हा सगळ्यांचं चित्र सारखंच येतं. वेगळं कसं काढू?

'बाजार' हा विषय दिला की वर्गातल्या चाळीस कागदांवर टोपली घेतलेली बाई, तराजू, रंगीत छत्री आणि मागे दोन डोंगर येतात. आमच्या गावाच्या बाजारातून डोंगर दिसतच नाहीत. तरी ते येतात, कारण ते बाजाराच्या आठवणीतून आलेले नसतात, दुसऱ्यांच्या चित्रांतून आलेले असतात.

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाची आत्या आठवडी बाजारात सुकी मासळी विकायची. सुट्टीच्या दिवशी तो तिच्या मागे पोत्यावर बसून सुटे पैसे सांभाळायचा. त्याने आधी नेहमीचाच बाजार काढून आणला. मी विचारलं, "तू बसतोस तिथून तुला काय दिसतं?" तो म्हणाला, "पाय." दुसऱ्या दिवशी त्याने आणलेल्या चित्रात वरच्या अर्ध्या कागदावर गिऱ्हाइकांचे पाय, साड्यांचे काठ, लोंबणाऱ्या पिशव्या आणि खालून दिसणारं तराजूचं पारडं होतं. डाव्या बाजूला आत्याची पाठ, पुढे सुकटीचे आणि वाकट्यांचे ढीग. एकाही गिऱ्हाइकाचा चेहरा नव्हता. त्या वर्षी वर्गात तसा दुसरा बाजार नव्हता, कारण त्या पोत्यावर दुसरं कुणी बसलेलंच नव्हतं.

म्हणून विषय वाचल्यावर पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हे बघताना मी कुठे होतो? बसलो होतो की उभा, दुकानाच्या आत की बाहेर, बाबांच्या खांद्यावर की खिडकीच्या गजांमागे?

आठवण पक्की करायची एक जुनी रीत आहे. एसटी स्टँडवर पाच मिनिटं नुसते उभे राहा, वही काढू नका. घरी येऊन आठवेल ते काढा. दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन तिथेच जा आणि काय राहिलं ते बघा. आठवडाभरात लक्षात येईल की माणसांचा तोल आपण नेहमी चुकवतो. भरलेली घागर उजव्या कमरेवर असेल तर अंग डावीकडे झुकतं आणि डावा हात अंगापासून सुटतो. जड पिशवीचंही तसंच. हे बरोबर आलं की चेहरा नुसता ठिपका ठेवला तरी माणूस जिवंत वाटतो.

६. संकल्पचित्रासाठी (नक्षीकामासाठी) नवे आकार मिळतच नाहीत. तीच फुलं, तीच पानं.

फूल चालेल, पण ते खरं फूल असू द्या. जास्वंद उभी चिरून बघा, भेंडी आडवी कापा, कारल्याची चकती करा. भेंडीच्या चकतीत पाच कप्पे आहेत आणि प्रत्येकात बी आहे. ही रचना कुणाला सुचवावी लागलेली नाही.

जुन्या घरगुती वस्तू हा दुसरा मोठा साठा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २० हजार वस्तूंचा संग्रह आहे. त्यातले अडकित्ते, दिवे आणि पाय घासायच्या पितळी वज्री बघा. पाय घासायची वस्तू, पण घडवणाऱ्याने तिच्यावर पक्षी बसवला. कोकणातल्या आणि गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम आहे: चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर देतात आणि तो खरवडून आतलं पांढरं बाहेर काढतात. दोनच रंगांत एवढं भागतं हे बघितल्यावर पोस्टर कलरच्या बारा बाटल्या एका संकल्पचित्रात रिकाम्या करायचा मोह कमी होतो.

आकार जसाच्या तसा उचलू नका. त्याच्या तीन-चार रेघाच ठेवा, मग तो उलटा करा, अर्धा कापा, शेजारी शेजारी लावा. आकारांच्या मधे उरणारी मोकळी जागाही एक आकार असते, तिच्याकडे बघा.

७. भिंतीवरचे डाग बघून चित्र सुचतं, असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत डागाळलेल्या भिंती बघायला सांगितलं आहे. त्याला त्यात डोंगर, नद्या, लढाया दिसायच्या. आपल्याकडे पावसाळा संपता संपता ओल आलेल्या भिंतींची कमतरता नसते. डागाचा फोटो नको, बाहेरची रेघ काढा आणि मग त्यात काय दिसतं ते शोधा.

८. फोटो बघून किंवा मोठ्या चित्रकाराचं चित्र बघून काढलं तर ती चोरी होते का?

शिकण्यासाठी नक्कल करणं हा जुना मार्ग आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे (स्थापना १८५७) विद्यार्थी १८७२ पासून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या, पण ज्यांनी त्या केल्या त्यांच्या हातात अजिंठ्याची रेषा उतरलेली होती.

नक्कल करा, खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहा, आणि ती वहीतच ठेवा. स्पर्धेला स्वतःची म्हणून देऊ नका. कायद्याचं विचाराल तर भारतात कलाकृतीवरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवर तो आता नाही. इंटरनेटवरचा फोटो मात्र कुणीतरी काढलेला असतो आणि त्याचा हक्क त्या माणसाकडे असतो. एक अपवाद मुलांना माहीत नसतो: सार्वजनिक जागी कायमचा उभा असलेला पुतळा किंवा इमारत बघून चित्र काढायला कायद्याची आडकाठी नाही. चौकातला पुतळा बिनधास्त काढा.

फोटोवरून काढायचंच असेल तर स्वतः काढलेल्या फोटोवरून काढा. तो टिपताना तुम्ही तिथे होता, ऊन अंगावर होतं, हे चित्रात उतरतं.

९. मी वारली समाजाचा नाही. वारली चित्र काढलं तर चालेल का?

काढा, पण आधी ते काय आहे ते समजून घ्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस झाला, इतक्यावर थांबू नका. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, गेरू किंवा शेणाने सारवलेली भिंत, आणि लग्नात सवासिनींनी लिहिलेला चौक, त्यात पालघट देवी: हे मुळात विधीचं चित्र आहे. वारली लोक चित्र 'लिहितात', असं म्हणतात. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ते भिंतीवरून कागदावर आणि जगापुढे नेलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे, त्यामुळे विक्रीसाठी करताना 'अस्सल वारली' म्हणून खपवणं चुकीचं आहे.

माझं मत विचाराल तर लग्नातला तो चौक काढू नका, तो त्यांच्या घरचा आहे. त्यापेक्षा त्यांच्या पद्धतीतून शिका. तारपा हे वाद्य वाजवत केलेल्या नाचाच्या वेटोळ्यात एकाही माणसाला चेहरा नाही, तरी सगळं गाव नाचतंय हे कळतं. मग तुमच्या गल्लीतली दहीहंडी तुमच्या रेषेत मांडा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची परंपरा) असो किंवा बिहारची मधुबनी, माझं उत्तर हेच राहील.

उलट बाजूनेही प्रश्न येतो: परंपरा आपली, पण विषय बाहेरचा असेल तर? गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मेरीमातेला साडी नेसवली. त्यांनी जी माणसं रोज बघितली, त्यांच्यासारखीच त्यांची मेरी आहे.

१०. एकच विषय पुन्हा काढला तर सर म्हणतात, काहीतरी नवीन कर. काय करू?

सर रागावले तरी विषय सोडू नका, वेळ बदला. छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचा कोटितीर्थ तलाव वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात काढला. जपानी चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेचं नाव छत्तीस दृश्यांचं, छापे झाले ४६. फ्रेंच चित्रकार मोनेने गवताच्या गंजी काढल्या त्याही अशाच, ऊन आणि ऋतू बदलेल तशा.

तुमच्या गच्चीवरून दिसणारी पाण्याची टाकी पहाटे, भर दुपारी, पावसात आणि दिवे लागल्यावर अशी चार वेळा काढा. चारही कागद भिंतीवर शेजारी लावून सरांना दाखवा.

११. आम्ही अमेरिकेत असतो. मुलीला एपी आर्टसाठी (हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा चित्रकलेचा अभ्यासक्रम) एकाच प्रश्नावर मालिका करायची आहे. घरी मराठी वातावरण आहे, पण तिला 'गणपती आणि रांगोळी' नको आहे.

तिचं बरोबर आहे. त्या पोर्टफोलिओत सलग शोधाच्या भागाला १५ प्रतिमा लागतात आणि त्यांत कच्चं काम, प्रक्रियाही दाखवता येते. म्हणजे वही राखणारी मुलगी इथे पुढे असते (प्रश्न ४). विषय सणापेक्षा लहान घ्या. आजी व्हिडिओ कॉलवर दिसते तेव्हा तिचं अर्धंच कपाळ चौकटीत येतं. भारतातून आलेल्या बॅगेत लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेलं मराठी वर्तमानपत्र असतं. त्यातून 'लांबचं माणूस कसं दिसतं?' असा प्रश्न निघतो, आणि त्यावर पंधरा काय, तीस चित्रं होतील.

१२. आमच्या गावात गॅलरी नाही, संग्रहालय नाही. मग बघायचं काय?

देवळाचा सभामंडप, कुंभाराचं चाक, ट्रकच्या मागचं रंगकाम, दुकानाच्या पाट्या रंगवणारा पेंटर. पंढरपूरला जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून दिवस काढले. पेंटर काम करत असेल तर तासभर शेजारी उभे राहा. अक्षराची वळणं तो एका दमात कशी घेतो ते बघितलंत तर अक्षरलेखनालाही उपयोग होईल.

सहल ठरत असेल तर शाळेला साताऱ्याजवळच्या औंधचं भवानी संग्रहालय सुचवा. डोंगरावरच्या त्या इमारतीत रविवर्म्याची चित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं एक दगडी शिल्पही आहे. मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. एका फेरीत एकाच चित्रासमोर दहा मिनिटं बसा, बाकीची पुढच्या वेळी.

१३. रस्त्यावरच्या माणसांची चित्रं काढताना परवानगी घ्यायची का?

लांबून, गर्दीतलं झटपट रेखाटन असेल तर शक्यतो अडचण येत नाही. एकाच माणसाकडे दहा मिनिटं बघणार असाल तर विचारा. "काका, तुमचं चित्र काढू का?" म्हटलं की बहुतेक जण केस सारखे करतात आणि ताठ बसतात. त्यांना काम सुरू ठेवायला सांगा. नाही म्हणाले तर वही मिटा. काढलेलं चित्र दाखवा, जमलं तर एक प्रत द्या. मुलींनी एकटीने अनोळखी जागी बसू नये, दोघी-तिघी मिळून जावं.

१४. एआयला विचारून कल्पना घेतली तर?

परीक्षेच्या हॉलमध्ये कागद, रंग आणि तुम्ही एवढंच असता, तेव्हा सवय त्याची ठेवा. माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. 'भारतीय बाजार' असं लिहिलं की यंत्र प्रश्न ५ मधली ती टोपली आणि छत्रीच तुमच्यापुढे ठेवतं, फक्त चकचकीत करून. आत्याच्या मागचं पोतं त्याला माहीत नाही. स्पर्धेसाठी वापर केला असेल तर तसं स्पष्ट लिहा.

१५. मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. चित्रकला सोडावी का?

नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि ड्रॉईंगच्या सरांना किंवा बाईंना सांगा, लपवू नका. बाटल्यांवर रंगांची नावं मोठ्या अक्षरांत लिहा आणि क्रम कधी बदलू नका. तुमचं बळ छायाप्रकाशात शोधा. ज्यांना रंगाचा मोह कमी, त्यांना गडद-फिकं अनेकदा लवकर दिसतं. कोळशाने मोठ्या कागदावर काम करून बघा. प्रश्न ३ मधल्या तांब्याला तर लाल-हिरव्याची गरजच नाही.

१६. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि महिनाभर एकही चित्र जमलेलं नाही.

नवे विषय शोधणं आता थांबवा. जुन्या स्केचबुकातली पाच रेखाटनं निवडा आणि तीच मोठी करा. रोज एक काडेपेटी-चित्र मात्र चालू ठेवा (प्रश्न १). रात्री जागू नका, दमलेला डोळा रंग मळवतो.

१७. आमचे आजोबा गेले. मुलीला त्यांच्यावर चित्र काढायचंय, पण सुरू केलं की रडते. काढू द्यावं का?

काढू द्या, पण घाई नको, आणि चेहऱ्याने सुरुवात नको. चेहरा जमला नाही तर मुलांना वाटतं की आपण त्यांना विसरतोय. त्यांची एखादी वस्तू घ्या: चष्मा, काठी, टोपी.

माझ्या एका विद्यार्थिनीने आजोबांच्या चपला काढल्या. दाराशी होत्या तशाच ठेवून, आठ दिवस, शाळेतून आल्यावर थोडं थोडं. डाव्या चपलेची टाच जास्त झिजलेली होती. ते त्या पायावर भार देऊन चालायचे, हे तिच्या लक्षात चित्र काढतानाच आलं. अंगठ्याखाली काळपट खोलगट खूण होती, ती तिने तीनदा पुसून पुन्हा काढली. चित्र स्पर्धेला पाठवायचं का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली. ते तिच्या घरी, आजोबांच्या कपाटात आतून लावलेलं आहे.